माजघरातला उजेड : घराच्या आतल्या चित्रांतील भाव आणि अर्थ

घराच्या आतल्या जागेचे चित्र सुरू होते ते तिथे कोणीतरी राहते आहे या जाणिवेपासून. भिंती, दार, खिडकी आणि जमीन एवढेच काढले तर आराखडा होतो. सुपात अर्धे निवडून ठेवलेले तांदूळ, खुंटीवरचा सदरा, उंबरठ्याशी काढलेल्या चपला, दिवळीतल्या दिव्याने वर काळवंडलेली भिंत आली की त्या आराखड्याचे घर होते. माणूस चित्रात असलाच पाहिजे असे नाही. तो नुकताच उठून गेला आहे किंवा आता यायचा आहे, एवढे कळले तरी पुरते. युरोपच्या चित्रकलेत सतराव्या शतकापासून या प्रकाराला स्वतःचे स्थान आहे. मराठीत त्याला रुळलेले नावसुद्धा नाही.

नाव नाही म्हणून चित्रे नाहीत, असा समज मात्र चुकीचा ठरतो. चित्रे आहेत, पण ती व्यक्तिचित्रांत, पौराणिक प्रसंगांत, व्रतकथांच्या पुस्तकांत आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर विखुरलेली आहेत. मराठी चित्रकारांनी घर कमी आणि घरातले माणूस जास्त रंगवले. घर त्या माणसाच्या पाठीमागे उभे राहिले. ही परंपरा वाचायची तर आधी चेहऱ्यामागची भिंत वाचायला शिकले पाहिजे. या पुस्तकाचा सारा खटाटोप त्यासाठीच आहे.

भाव आणि अर्थ हे दोन शब्द पुढे वारंवार येतील, म्हणून त्यांची फोड आधीच करून ठेवणे बरे. चित्रासमोर उभे राहताच मनावर जी छटा पसरते तो भाव : शांतता, हुरहूर, कोंदटपणा, सणाची लगबग. चित्रातल्या गोष्टींची एकमेकींशी आणि जगण्याशी असलेली नाती हळूहळू उलगडली की हाती येतो तो अर्थ. भावाला वस्तूंची नावे माहीत असावी लागत नाहीत, अर्थाला लागतात. जाते काय असते हे ज्याला ठाऊक नाही त्यालाही पहाटेच्या अंधारात वाकलेल्या दोन बायकांचे चित्र भिडेल, पण दळणाची वेळ, घरातली पहिली उठणारी कोण आणि झोपून राहण्याची मुभा कोणाला, हे त्याच्या ध्यानात येणार नाही.

भाव कशाने तयार होतो हे पाहण्यासाठी सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र सर्वांत उपयोगी पडते. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले हळदणकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. १९४५-४६ च्या सुमाराचे हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. दिवाळीच्या दिवसांत हातात दिवा घेतलेली मुलगी पाहून त्यांना ते सुचले आणि तिलाच उभे करून त्यांनी ते रंगवले. हे चित्र अनेकदा राजा रविवर्म्याच्या नावावर खपवले जाते, ही मराठी कलेच्या वाट्याला आलेली दुखरी गोष्ट आहे.

चित्रात काय आहे? एका हातात पितळी दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, बोटांच्या फटींतून झिरपणारा लालसर उजेड, चेहऱ्यावर खालून पडलेली सोनेरी तिरीप आणि मागे भिंतीवर सावली. एवढेच. खोली रंगवलेली नाही. कपाट, खिडकी, दार यांतले काहीही नाही. तरी पाहणाऱ्याला आपण घरात उभे आहोत याची खात्री पटते, आणि ती पटते आडोशाच्या हातामुळे. वाऱ्याची झुळूक येते म्हणजे जवळ कुठेतरी दार किंवा खिडकी उघडी आहे. दिवा न्यायचा आहे म्हणजे तो कुठे ठेवायचा ती जागा, देवघर किंवा तुळशीवृंदावन, ठरलेली आहे. चित्राच्या चौकटीबाहेर अख्खे घर उभे राहते ते एका हाताच्या हालचालीतून. जलरंगात एकदा लागलेला गडद रंग सहसा मागे घेता येत नाही. उजेड म्हणून दिसतो तो बहुतांशी राखलेला कागद असतो, त्यामुळे दिव्याभोवतीचा प्रत्येक थर आधी ठरवूनच द्यावा लागतो. या चित्रातली स्तब्धता त्या तयारीतूनही आली आहे.

घरातल्या चित्रात भाव निर्माण करणारी पहिली गोष्ट म्हणजे उजेड, हे यातून दिसते. तो कोठून येतो, किती येतो आणि कोणाला मिळतो, हे तिन्ही प्रश्न महत्त्वाचे. दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. चित्रकार खोलीत आहे, दारात आहे की दुसऱ्या खोलीतून पाहतो आहे, यावर पाहणाऱ्याचे नाते ठरते. डेन्मार्कचा विल्हेल्म हामरशॉय १८९८ ते १९०९ या काळात कोपनहेगनमधल्या एका जुन्या घरात राहिला आणि त्याच घराच्या खोल्या, उघडी दारे आणि पाठमोरी बसलेली पत्नी पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. राखाडी उजेड, मोजके सामान आणि पाठमोरेपणा यांतून त्याने जी निःशब्दता उभी केली ती चेहरा दाखवून साधली नसती. रंगाचे कामही तितकेच मोठे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आर्लमधली आपली झोपायची खोली रंगवली तेव्हा सावल्या काढून टाकल्या आणि सपाट रंगांतून विश्रांती सुचवावी असा हेतू पत्रात लिहून ठेवला. आजचा प्रेक्षक त्या झुकत्या जमिनीत विश्रांतीऐवजी अस्वस्थता पाहतो. चित्रकाराचा हेतू आणि चित्राचा भाव यांत फारकत होऊ शकते, याचा इतका उघड दाखला दुसरा क्वचितच सापडेल.

अर्थाची गोष्ट वेगळी. डेल्फ्टच्या योहानस फर्मिअरने सुमारे १६५७-५९ मध्ये रंगवलेली, उघड्या खिडकीशी पत्र वाचणारी तरुणी ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आहे. तिच्यामागची भिंत रिकामी होती आणि त्या रिकामपणाची वाखाणणी पिढ्यान्‌पिढ्या झाली. १९७९ मध्ये क्ष-किरण तपासणीत त्या भिंतीआड मदनाचे मोठे चित्र दडलेले आढळले. ते फर्मिअरने स्वतःच झाकले असावे असे मानले जाई. पुढे प्रयोगशाळेत ठरले की वरचा रंग त्याच्या मृत्यूनंतर कोणीतरी लावला होता. २०२१ मध्ये मदन पुन्हा प्रकट झाला आणि पत्र प्रेमपत्र आहे की काय हा प्रश्न उरला नाही. अर्थ पक्का झाला, पण आधीची मोकळी शांतता गेली. एका भिंतीने चित्राचा भाव आणि अर्थ दोन्ही बदलले, आणि ती भिंत ‘मागची’ होती.

मराठी घरातल्या भिंतीही अशाच बोलतात, पण त्यांची भाषा जागेच्या वाटणीची आहे. ओटी, पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, परसदार ही नुसती खोल्यांची नावे नाहीत. कोणी कुठवर यायचे याचा तो नियम होता. परका माणूस ओटीवर थांबे. माजघर हे घराचे पोट. तिथे उजेड कमी, बाहेरची नजर नाही आणि बायकांचा बराचसा दिवस तिथेच जाई. सोवळ्याच्या घरांत स्वयंपाकघराचा उंबरठा जातीची आणि विटाळाची रेषाही होती. त्यामुळे मराठी घराच्या चित्रात एखादी स्त्री दाराच्या चौकटीला धरून उभी असेल तर ती मुद्रा सुंदर आहे म्हणून तेवढ्यावर पुढे जाता येत नाही. ती कोणत्या बाजूला उभी आहे, तिचा पाय उंबरठ्याच्या आत आहे की बाहेर, चित्रकार कोणत्या बाजूने पाहतो आहे, हे विचारावे लागते. पुरुष चित्रकाराला माजघरात कोणी आणि कशासाठी येऊ दिले, हाही त्यातलाच प्रश्न. बहुतेक वेळा उत्तर साधे निघते : चित्रातली स्त्री त्याची बायको, मुलगी किंवा बहीण असते.

या परंपरेचा आरंभ शोधायचा तर अजिंठ्याला जावे लागते. पाचव्या शतकातल्या वाकाटककालीन लेण्यांत, विशेषतः १६ आणि १७ क्रमांकांच्या, प्रासादांचे अंतर्भाग भरपूर आहेत. भिंत न दाखवता बारीक खांबांचा मंडप काढून ‘हे आत’ असे सांगण्याची तिथली रीत फार हुशार आहे. सोळाव्या लेण्यात बुद्धाचा भाऊ नंद याने घर सोडून प्रव्रज्या घेतल्याची बातमी ऐकून कोसळलेली त्याची पत्नी, तिला सावरणाऱ्या दासी आणि तोल गेलेली मान यांतून त्या छोट्या मंडपात शोक कोंडला जातो. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र याच विषयाला उलट बाजूने हात घालते : घरात कोणती चित्रे असावीत? राहत्या घरात शृंगार, हास्य आणि शांत या रसांचीच चित्रे असावीत, असे तिथे सांगितले आहे. चित्राचा भाव घरावर उतरतो, हा त्यामागचा विश्वास आहे.

तोच विश्वास ठाणे-पालघरच्या वारली घरांत जिवंत आहे. लग्नघराच्या आतल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि त्यात पालघाट देवी बसते. चौक घराचे चित्र नाही, घरातले चित्र आहे. पण त्याशिवाय ती खोली लग्नाची खोली होत नाही. बदलापूरच्या आसपासच्या डोंगरपट्टीत ठाकरांकडेही लग्नातल्या भित्तिलेखनाची चाल आहे. या भागात घराच्या आत चित्र काढण्याची रीत कॅनव्हासच्या कितीतरी आधीची आहे, हे विसरून चालणार नाही. पेशवाईतल्या वाड्यांतली भित्तिचित्रेही याच धाग्यात येतात. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यात ती अजून पाहता येतात.

१८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले आणि छायाप्रकाश, यथार्थदर्शन आणि समोर बसवलेले माणूस यांचे शिक्षण आले. जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या प्रतिकृती करणारे पेस्तनजी बमनजी यांनी १८८२ मध्ये पारशी घरातला पोपटाला भरवण्याचा प्रसंग रंगवला. घरगुती क्षणाला तैलरंगाचा मोठेपणा देणाऱ्या आरंभीच्या मुंबईकर चित्रांत त्याची गणना करावी लागेल. राजा रविवर्म्याचे १८९३ चे ‘देअर कम्स पापा’ त्याहून पुढचे पाऊल टाकते. मुलाला कडेवर घेतलेली आई येणाऱ्या बापाकडे बघते, आणि बाप चित्रात नाहीच. न दिसणाऱ्या माणसाभोवती सारे चित्र फिरते. या आईसाठी नमुना होती चित्रकाराची मुलगी.

कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) हे या विषयातले सर्वांत महत्त्वाचे मराठी नाव. १८९० मध्ये ते जे. जे. मध्ये शिकायला आले आणि त्याच संस्थेत त्यांचे आयुष्य गेले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आत्मकथनाचे नाव त्याची साक्ष आहे. त्यांचे ऐतिहासिक भव्य प्रसंग गाजले, पण घराच्या दृष्टीने त्यांची पुस्तकातली रेखाटने अधिक मोलाची. सी. ए. किंकेड यांनी मराठी व्रतकथा इंग्रजीत आणल्या त्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) या पुस्तकाची चित्रे धुरंधरांची. या कहाण्या घरातल्या जागांवरच उभ्या आहेत. शुक्रवारच्या कहाणीतली गरीब बहीण भावाच्या घरच्या पंगतीतून उठवली जाते. दिवस पालटल्यावर तिला त्याच घरात मानाने पाटावर बसवतात, तेव्हा ती अंगावरचे दागिने काढून त्यांच्यापुढे घास ठेवते. पाट कोणाला आणि कुठे, यात कहाणीचा सगळा अर्थ आहे. अशा गोष्टी चित्रित करणाऱ्याला नेसण्याची ढब, भांड्याचा घाट आणि बसण्याची रीत चुकवून चालत नाही, आणि धुरंधरांनी ती चुकवली नाही. त्यांची कन्या अंबिका धुरंधर यांनी १९३१ मध्ये जे. जे. ची पदविका घेतली. घराकडे आतून पाहणाऱ्या स्त्री चित्रकारांची मराठी मालिका लिहायची तर ती त्यांच्यापाशी सुरू करावी लागेल.

गोमंतकीय अँतोनियो शाव्हियेर त्रिंदाद (१८७०-१९३५) यांनी पत्नी आणि मुलींना घरच्या वातावरणात रंगवले. त्यांच्या कामाचा मोठा संग्रह पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आहे. गोव्याचे कॅथलिक घर आणि कोल्हापूर-पुण्याचे हिंदू घर यांच्या अंतर्भागात खुर्ची आणि पाट एवढे अंतर आहे, आणि ते चित्रांच्या भावातही उतरले आहे. खुर्चीत रेललेल्या बाईला काही न करण्याची मुभा मिळते. पाटावरच्या बाईच्या हातात बहुधा काम असते.

मराठी घराघरांत पोचलेले घराचे चित्र मात्र कलादालनातून आलेले नाही. ते छापखान्यातून आले. मडगावचे दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा वार्षिक अंक सुरू केला. रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) यांची मुखपृष्ठे आणि दिनदर्शिका त्याच काळात गावोगावी लागल्या. दारात पणती घेतलेली, आरशापुढे वेणी माळणारी, रांगोळी घालणारी स्त्री हा या चित्रांचा ठरलेला विषय. घर म्हणून चौकट, कोनाडा, एखादे तोरण. मुंबईतल्या गिरणगावच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने हे चित्र खिळ्याला टांगले तेव्हा त्या खोलीत नसलेला वाडा भिंतीवर आला. या चित्रांना बाजारू म्हणून बाजूला सारण्याची समीक्षकांची सवय या विषयाला फार महागात पडली आहे. मराठी मनातले ‘घर’ कसे दिसते हे सांगणारा याहून मोठा पुरावा नाही. धूर, गर्दी आणि कष्ट या चित्रांतून कटाक्षाने वगळलेले आहेत, हाही त्या पुराव्याचाच भाग.

अमृता शेर-गिल यांच्या चित्रांनी अशा गोड घराला आधीच तडा दिला होता. १९४० चे त्यांचे खाटेवर पहुडलेल्या स्त्रीचे चित्र दुपारच्या आळसाचे नाही. बाहेर जाता न येणाऱ्या शरीराचे आहे. १९४७ मध्ये मुंबईत जमलेल्या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाने वास्तववादी खोली मोडून टाकली. त्याच गटातल्या हुसेन यांच्या ‘बिटवीन द स्पायडर अँड द लँप’ (१९५६) मध्ये दिवा आणि कोळी आहेत, बायका आहेत, पण घर उरले आहे ते खुणांपुरते. प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांनी घड्याळ, किल्ली, पान, फळ अशा वस्तू मोकळ्या अवकाशात तरंगत्या ठेवल्या. भिंती गेल्या तरी वस्तूंचे एकमेकींशी बोलणे थांबत नाही, हे त्यांनी दाखवले. ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) या त्यांच्या पुस्तकात त्यामागचा विचार वाचायला मिळतो.

सुधीर पटवर्धन यांचे नाव मध्य रेल्वेच्या ठाणे-बदलापूर पट्ट्यात राहणाऱ्यांना विशेष जवळचे वाटावे. १९४९ साली पुण्यात जन्मलेले पटवर्धन तीन दशके ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत चित्रे काढत राहिले. लोकलचा डबा, रस्ता, वस्ती हे त्यांचे विषय. २००१ मध्ये त्यांनी ‘उल्हासनगर’ रंगवले. नंतरच्या काळात त्यांची नजर घराच्या आत, कुटुंबाकडे आणि वयाने थकलेल्या शरीरांकडे वळली. शहर बाहेरून पाहून झाल्यावर चित्रकार दार लोटून आत आला, असा हा प्रवास आहे, आणि आत आल्यावरही खिडकीतले शहर त्याने सोडलेले नाही.

अशी चित्रे वाचण्याच्या चार रीती आज प्रचलित आहेत. एर्विन पानोफ्स्की यांनी १९३४ मध्ये यान फान आइकच्या दांपत्यचित्रावर (१४३४) लिहिलेल्या लेखातून वस्तूंमागचे दडलेले संकेत शोधण्याची वाट पडली. स्वेतलाना आल्पर्स यांनी १९८३ मध्ये तिला विरोध केला. डच चित्रे जगाचे बारकाईने वर्णन करतात, प्रत्येक लिंबामागे उपदेश शोधू नये, असा त्यांचा रोख. ग्रिसेल्डा पोलॉक यांनी १९८८ मध्ये विचारले की स्त्रियांना कोणत्या जागा रंगवता आल्या आणि कोणत्या नाहीत. चौथी रीत रसविचाराची, भाव पाहणाऱ्याच्या मनात कसा पुरा होतो याचा मागोवा घेणारी. मराठीत द. ग. गोडसे यांनी ‘पोत’ (१९६३) मध्ये कलाकृतीचा कस आणि तिच्या मातीचा कस यांचे नाते जोडले. मराठी घराच्या चित्राला यांतली एकच रीत पुरत नाही. संकेतांची यादी करणारा माजघराचा काळोख विसरतो, आणि रसात रमणारा त्या काळोखात कोण राबते आहे हे विसरतो.

या विषयाची आज निकड का, याचे उत्तर बदलापूरच्या कोणत्याही जुन्या आळीत मिळते. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. त्यानंतर इमारतींची रांग उल्हास नदीच्या दिशेने सरकतच राहिली. कौलारू घराची ओटी गेली, चाळीची सामायिक गॅलरी गेली आणि वन रूम किचनमध्ये एकच खोली ओटी, माजघर आणि झोपण्याची जागा अशी तिन्ही कामे करू लागली. शेजारच्या उल्हासनगरचे घर आणखी वेगळ्या वाटेने आले. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत सिंधी निर्वासित उतरले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीला नाव मिळाले, आणि सैनिकांसाठी बांधलेल्या लांब बराकींचे घर करण्यात एक पिढी गेली. अंबरनाथमध्ये कारखान्यांच्या भोंग्याने घराची वेळ ठरवली. एकाच रेल्वेमार्गावर इतक्या थोड्या अंतरात घराच्या इतक्या जाती आहेत, आणि त्यांची रंगवलेली नोंद नगण्य आहे. उल्हास नदीचे पाणी २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये बदलापुरातल्या घरांत शिरले. ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली मातकट रेघ ही त्या घराच्या अंतर्भागातली सर्वांत बोलकी खूण होती. पुढच्या रंगकामात ती पुसली गेली. छायाचित्रात ती आली असेल, पण त्या रेघेखाली पुन्हा मांडलेल्या संसाराचा भाव पकडायला चित्रकाराचा वेळ लागतो.

पुस्तकाची मांडणी या गरजेतून ठरली आहे. चित्रे कालक्रमाने लावण्याऐवजी घरातल्या जागांप्रमाणे लावली आहेत : ओटीपासून आत परसदारापर्यंत, आणि शेवटी चाळ व सदनिका. त्यामुळे अजिंठ्याचा मंडप आणि दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ कधी शेजारी येतात. प्रत्येक चित्रापाशी तीन गोष्टी पाहिल्या आहेत : चित्रकार कुठे उभा आहे, उजेड कोणाला मिळाला आहे, आणि मागच्या भिंतीवर काय आहे. चित्रकाराचे चरित्र लागेल तेवढेच घेतले आहे. ज्यांना ते सविस्तर हवे त्यांच्यासाठी ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड मराठीत उपलब्ध आहे. राजवाड्यांतली दरबारी चित्रे आणि छायाचित्रण बाजूला ठेवले आहे. वारली चौक मात्र घेतला आहे, कारण त्याला वगळून या प्रदेशातल्या घराच्या भिंतीबद्दल बोलणे अपुरे राहिले असते.

छापील चित्रावर विसंबण्याला एक मर्यादा आहे, ती वाचकाने ध्यानात ठेवावी. जलरंगातली पातळ सावली छपाईत एकजात काळी होते आणि तैलरंगातला मंद तपकिरी उजेड विझतो. हळदणकरांच्या चित्रात भिंतीवरच्या सावलीची कड दिव्यापासून दूर जाताना कशी विरत जाते, ते म्हैसूरलाच दिसते. धुरंधर आणि रविवर्मा यांची मूळ चित्रे साताऱ्याजवळच्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात आहेत. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात वेळोवेळी मोठी प्रदर्शने भरतात, आणि तिथे बदलापूरहून लोकलने जाऊन संध्याकाळी घरी परतता येते.